सामायिक इमेजिंग केंद्रात संशोधन करायचं आहे? पहिल्या ई-मेलपासून शेवटच्या फाइलपर्यंत

"पुढच्या महिन्यात बारा उंदरांचं पेट-सीटी करायचं आहे, स्लॉट मिळेल का?"

सामायिक इमेजिंग केंद्राकडे येणारी पहिली चौकशी बहुतेक वेळा अशीच असते. (पेट-सीटी म्हणजे शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी पदार्थाचा माग काढणारा पेट स्कॅन आणि सीटी, दोन्ही एकत्र.) स्लॉट मिळतोही. अडतं ते पुढे. उंदरांच्या कानात धातूचे टॅग असतात. प्राणी-नीतिसमितीच्या मंजुरीत वारंवार भूल देण्याचा उल्लेखच नसतो. प्राणिगृहाबाहेर गेलेला उंदीर पुन्हा त्याच खोलीत घेत नाहीत, हे कुणी विचारलेलं नसतं. आणि नेमकं काय मोजायचं आहे, या प्रश्नाला उत्तर मिळतं, "ट्यूमर दिसला पाहिजे." स्कॅनरवरचा तास हा या सगळ्या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. म्हणून इथे त्या तासाच्या आधीच्या आणि नंतरच्या कामावर जास्त लिहिलं आहे.

आधी केंद्राची ओळख

एमआरआय किंवा पेट स्कॅनर एकट्या गटाने विकत घेणं फार थोड्यांना परवडतं. घेतला तरी देखभाल करार, कवच घातलेली खोली आणि यंत्र चालवणारी प्रशिक्षित माणसं यांचा खर्च दरवर्षी सुरूच राहतो. म्हणून संस्था ही यंत्रं एका छताखाली आणते आणि संशोधकांना तासाच्या दराने वापरायला देते. मोठ्या केंद्रात सहसा दोन शाखा असतात. माणसांच्या शाखेत १.५ आणि ३ टेस्लाचे एमआरआय (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप; काही ठिकाणी ७ टेस्लाही), पेट-सीटी आणि अल्ट्रासाउंड. प्राण्यांच्या शाखेत ७, ९.४ किंवा ११.७ टेस्लाचे लहान बोअरचे एमआरआय, मायक्रो-सीटी, लहान प्राण्यांसाठीचे पेट आणि स्पेक्ट, उच्च वारंवारतेचं अल्ट्रासाउंड आणि प्रकाशावर चालणारं ऑप्टिकल इमेजिंग.

यंत्रांची यादी वेबसाइटवर सापडते. माणसांची यादी मात्र विचारून घ्या, कारण तुमचा अभ्यास तरेल की बुडेल हे त्यांच्यावर ठरतं. एमआरआयचा सिक्वेन्स (स्कॅनची आज्ञावली) बदलू शकणारा फिजिसिस्ट आहे का? ट्रेसर, म्हणजे टोचायचा किरणोत्सारी पदार्थ, बनवणारा रेडिओकेमिस्ट केंद्रातलाच आहे की ट्रेसर बाहेरून येतो? पशुवैद्य आहे का? प्रतिमांचं विश्लेषण कोण करतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "तुम्हीच" असं आलं, तर तुमच्या गटातल्या एका माणसाचे काही महिने आत्ताच त्या कामासाठी राखून ठेवा.

हवं ते यंत्र तुमच्या संस्थेत नसेल तरी वाट बंद होत नाही. युरोपात २०१९ साली स्थापन झालेलं युरो-बायोइमेजिंग हे जाळं अनेक देशांतली केंद्रं एका अर्जावर खुली करतं. ऑस्ट्रेलियात नॅशनल इमेजिंग फॅसिलिटी याच धर्तीवर चालते. अशा ठिकाणी अर्जाची आधी शास्त्रीय आणि मग तांत्रिक छाननी होते. त्यात जाणारा वेळ वेळापत्रकात धरा.

पायरी १: प्रश्नाचं मोजमापात रूपांतर

एका ओळीत लिहा: कोणत्या ऊतीतला कोणता आकडा, किती वेळा, कुणाशी तुलना करून. "औषधाने ट्यूमर कमी होतो का" हा प्रश्न झाला. "उपचाराआधी आणि १४ दिवसांनी टी२ एमआरआयवर मोजलेलं ट्यूमरचं आकारमान, औषधाचा गट विरुद्ध नियंत्रण गट" हे मोजमाप झालं. ही ओळ लिहिता येत नसेल तर यंत्र निवडायची वेळ अजून आलेली नाही.

ओळ लिहिली की निवड बरीचशी आपोआप होते. हाडांसाठी सीटी. मऊ ऊतींच्या रचनेसाठी एमआरआय. हृदयाच्या स्पंदनासाठी अल्ट्रासाउंड किंवा गेटिंग केलेला (स्पंदनाशी जुळवून घेतलेला) एमआरआय. चयापचय किंवा एखाद्या रिसेप्टरची उपस्थिती मोजायची तर पेट. पेटची ताकद संवेदनशीलतेत आहे. पिकोमोलर पातळीवरचा ट्रेसर त्याला पकडता येतो, तर एमआरआयला गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचा परिणाम दाखवायला मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त प्रमाण लागतं. बदल्यात पेट बारकावा गमावतो. माणसांच्या पेटचं विभेदन साधारण ४ ते ६ मिलिमीटर आणि लहान प्राण्यांच्या पेटचं सव्वाच्या आसपास, म्हणजे १ ते १.५ मिलिमीटर.

या आकड्याकडे काणाडोळा केला की फसगत होते. २ मिलिमीटरचा ट्यूमर पेटवर खऱ्यापेक्षा फिका दिसतो, कारण त्याचा सिग्नल शेजारच्या ऊतींत सांडतो. तोच ट्यूमर पुढच्या आठवड्यात ५ मिलिमीटरचा झाला की कमी सांडतो आणि जास्त तेजस्वी दिसतो. पेशींचा चयापचय जसाच्या तसा असताना आलेख वर जातो, आणि पेपरात "ग्लुकोजचं शोषण वाढलं" असं वाक्य जातं. उलट दिशेनेही तेच. औषधाने ट्यूमर आक्रसला की शोषण घटल्याचा भास होतो. लहान ट्यूमरवर पेट करणार असाल तर आकारमान सीटीवर किंवा एमआरआयवर स्वतंत्रपणे मोजा आणि या सांडण्याची भरपाई, म्हणजे आंशिक आकारमान दुरुस्ती, कशी करणार, हे फिजिसिस्टला पहिल्याच भेटीत विचारा.

हेच मोजमाप पुढे माणसांत न्यायचं असेल तर तेही आत्ताच ठरवा. एफडीजी (ग्लुकोजसारखा ट्रेसर) वापरलेलं पेट उंदरात चालतं आणि रुग्णातही. बायोल्युमिनेसन्समध्ये, म्हणजे पेशींनीच सोडलेला प्रकाश मोजताना, मात्र पेशींत ल्युसिफरेज या प्रकाश निर्माण करणाऱ्या एन्झाइमचं जनुक घालावं लागतं, त्यामुळे ते प्राण्यांपुरतंच राहतं. ते स्वस्त आहे, झटपट आहे, उपयोगीही आहे. फक्त रुग्णांवरच्या चाचणीचा पाया म्हणून ते पुरणार नाही.

पायरी २: पहिली बैठक, अनुदानाच्या अर्जाआधी

आधी अनुदान मिळू द्या, मग केंद्राशी बोलू, हा क्रम महागात पडतो. अर्ज लिहितानाच भेटा. बैठकीला जाताना वर लिहिलेली ती ओळ, प्राण्याची जात आणि वजन किंवा रुग्णांचे निकष, गटांची संख्या, स्कॅनचे टप्पे आणि आतापर्यंतचा पुरावा घेऊन जा. परत येताना तीन गोष्टी हातात हव्यात: हे शक्य आहे की नाही याचं स्पष्ट उत्तर, अर्जात घालता येईल असा पद्धतीचा परिच्छेद आणि खर्चाचं लेखी कोटेशन.

कोटेशन नीट वाचा. स्कॅनरच्या तासाचा दर ठळक छापलेला असतो, पण खर्च इतर ओळींत लपलेला असतो: ऑपरेटर, ट्रेसरची बॅच, कॉन्ट्रास्ट, भूल, प्राण्यांचा मुक्काम, डेटा साठवण, विश्लेषण. पेट असेल तर दोन गोष्टी मुद्दाम विचारा. ट्रेसरची बॅच गुणवत्ता तपासणीत नापास झाली तर पैसे कोण भरणार? आणि त्या दिवशी ज्यांचं वय नेमकं स्कॅनच्या टप्प्यात बसत होतं त्या प्राण्यांचं काय? किरणोत्सारी ट्रेसरचं उत्पादन अधूनमधून फसतं, ते धरूनच चालावं लागतं. एक राखीव दिवस आणि थोडे जादा प्राणी आराखड्यातच असू द्या.

प्राथमिक चाचणीसाठी दोन-तीन प्राणी किंवा एक-दोन स्वयंसेवक पुरतात. माझं मत विचाराल तर या चाचणीचे पैसे वाचवणं हा या क्षेत्रातला सर्वांत खोटा फायदा आहे.

पायरी ३: मंजुऱ्या

प्राण्यांच्या बाबतीत इमेजिंगचा युक्तिवाद मजबूत असतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी एक म्हणजे प्राण्यांची संख्या कमी करणं. एकाच प्राण्याचं पुन:पुन्हा स्कॅन केलं की प्रत्येक टप्प्यावर वेगळा गट मारावा लागत नाही, आणि प्रत्येक प्राणी स्वतःचाच आधारबिंदू बनतो. पण नाण्याची दुसरी बाजू समिती विचारणारच: त्या एका प्राण्यावरचा एकूण भार किती? भूल किती वेळा, उपाशी किती तास, इंजेक्शनचं आकारमान किती, मायक्रो-सीटीचा एकत्रित डोस किती? शेवटचा प्रश्न कागदापुरता नाही. बारीक विभेदनाच्या एका मायक्रो-सीटी स्कॅनला काहीशे मिलिग्रेपर्यंत डोस जाऊ शकतो. असे स्कॅन दर आठवड्याला केले तर किरणांचाच परिणाम ट्यूमरवर आणि रक्तपेशींवर दिसू लागेल. तो औषधाच्या खात्यावर जमा व्हायला नको.

माणसांच्या बाबतीत किरणोत्साराचा हिशेब संमतीपत्रात साध्या शब्दांत द्यावा लागतो. एफडीजीचा डोस प्रौढांत प्रत्येक मेगाबेकरेलमागे (टोचलेल्या किरणोत्साराचं माप) ०.०१९ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचं माप) धरतात. म्हणजे ३७० मेगाबेकरेलला साधारण ७ मिलिसिव्हर्ट, आणि सीटीचा डोस त्यावर वेगळा. अभ्यासात चार पेट असतील तर सहभागी व्यक्तीला चारही मिळून किती, हे सांगा.

दुसरा मुद्दा अनपेक्षित निष्कर्षांचा. रॉटरडॅम अभ्यासात २,००० व्यक्तींच्या मेंदूचे एमआरआय तपासले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ७.२ टक्के लोकांत लक्षणांविना झालेले इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग), १.८ टक्के लोकांत ॲन्युरिझम (रक्तवाहिनीचा फुगा) आणि १.६ टक्के लोकांत सौम्य ट्यूमर आढळले. म्हणजे शंभर निरोगी स्वयंसेवक बोलावले तर काहींच्या स्कॅनमध्ये काहीतरी निघणार, हे गृहीतच धरा. ते कोण वाचणार, किती दिवसांत, सहभागीला कोण कळवणार आणि "मला कळवू नका" म्हणण्याची मुभा आहे का, हे पहिल्या स्कॅनआधी लिहून ठेवा. संशोधनाचा स्कॅन निदानासाठी केलेला नसतो, हे सहभागीला तोंडी समजावून सांगा. संमतीपत्रातल्या वाक्यावर विसंबू नका.

डेटा पुढे इतर संशोधकांना देणार असाल तर ती परवानगीही याच संमतीपत्रात मागा. मागाहून ती मिळवणं जवळपास अशक्य असतं.

पायरी ४: प्राण्यांची तयारी

बहुतेक अभ्यास इथेच बिघडतात, म्हणून या पायरीवर जास्त थांबू.

सुरुवात वाहतुकीपासून. जंतुमुक्त प्राणिगृहातून स्कॅनरकडे आलेला प्राणी बहुतेक ठिकाणी मूळ खोलीत परत घेत नाहीत. सहा आठवड्यांत चार स्कॅन असतील तर प्राणी पहिल्या दिवसापासून केंद्राजवळच्या वेगळ्या खोलीत ठेवावे लागतात. तिथल्या जागेचं बुकिंग स्कॅनरच्या स्लॉटपेक्षा लवकर भरतं. नव्या जागेत रुळायला निदान काही दिवस द्या. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांचे स्कॅन दिवसाच्या सुरुवातीला लावून घ्या, बाकीच्यांच्या नंतर नको. आणि त्याच बेडवर आदल्या स्लॉटला रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) होता का, हे विचारा. रॅटच्या वासाने उंदीर बिथरतात. स्वच्छता काटेकोर नसेल तर तो ताण तुमच्या आकड्यांत उतरतो.

ओळख पटवण्यासाठी कानात धातूचा टॅग लावू नका. एमआरआयमध्ये त्याने मेंदूचा अर्धा भाग काळा होऊ शकतो, सीटीत रेघा उमटतात. त्वचेखालच्या मायक्रोचिपमध्येही चुंबकीय भाग असतो, त्यामुळे ती कुठे बसवली आहे हे सांगा. गोंदण किंवा कानाला खाच पाडणं बरं.

फ्लुओरेसन्स इमेजिंग असेल तर खाद्य बदला. नेहमीच्या खाद्यात अल्फाल्फा असतं, त्यातल्या हरितद्रव्यामुळे आतडी लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात स्वतःच चमकतात. पोटातल्या ट्यूमरचा सिग्नल समजून आपण जेवण मोजत बसतो. आठवडा-दोन आठवडे आधीपासून शुद्धीकृत खाद्य द्यावं. काळ्या उंदरांची लव प्रकाश शोषते, म्हणून ती काढावी लागते. बायोल्युमिनेसन्समध्ये ल्युसिफेरिन पोटात टोचल्यावर सिग्नल साधारण १० ते २० मिनिटांत शिखर गाठतो, पण तुमच्या मॉडेलमध्ये नेमका कधी, हे प्राथमिक चाचणीत वक्र काढूनच ठरवा आणि पुढे तीच वेळ पाळा.

एफडीजी पेटसाठी उंदीर उपाशी ठेवतात. रात्रभर नको. इतक्या लहान प्राण्याचं वजन तेवढ्या वेळात बरंच उतरतं, ४ ते ६ तास पुरतात. तापमानाकडे उपवासाहून जास्त लक्ष द्या. प्रयोगशाळेतलं २२ अंश तापमान माणसाला सुखद वाटतं, उंदराला मात्र ते थंड असतं. त्याला निवांत वाटतं ते ३० अंशांच्या आसपास. थंडीत खांद्यामधली तपकिरी चरबी पेटते आणि एफडीजी ओढून घेते. स्कॅनवर मानेमागे झळाळतं पान दिसतं, आणि ट्यूमरच्या वाट्याला तेवढा ट्रेसर कमी येतो. इंजेक्शनच्या अर्धा तास आधीपासून स्कॅन संपेपर्यंत प्राणी उबेत ठेवा.

भूल बहुतेक ठिकाणी आयसोफ्लुरेनची असते. झोपवायला ३ ते ४ टक्के आणि पुढे १.५ ते २ टक्के. श्वास मिनिटाला ५० ते ८० च्या दरम्यान राहिला तर ठीक. भुलेत प्राणी स्वतःचं तापमान सांभाळू शकत नाही, म्हणून गुदद्वारातला तापमापी आणि गरम बेड हवेतच. भूल हा स्वतःच एक घटक आहे हे विसरू नका. आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या रुंदावतं, रक्तातली साखर वाढवतं. मेंदूच्या कार्यात्मक एमआरआयसाठी म्हणूनच काही गट मेडेटोमिडीनसारख्या दुसऱ्या औषधाचा आधार घेतात. ट्रेसर टोचल्यावर शोषणाच्या तासात प्राणी जागा ठेवायचा की भुलेत, हेही आधी ठरवा. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच अभ्यासात दोन्ही चालत नाहीत.

आता शेपटी. ट्रेसर शेपटीच्या शिरेतून देतात, आणि अर्धवट इंजेक्शन शेपटीतच राहणं ही रोजची गोष्ट आहे. एसयूव्ही (डोस आणि वजनाच्या हिशेबाने काढलेलं शोषण) काढताना आपण दिलेला सगळा डोस शरीरात फिरला असं धरतो. २० ग्रॅमच्या उंदराला ५ मेगाबेकरेल दिले तर समान विखुरल्यावर प्रत्येक ग्रॅममध्ये २५० किलोबेकरेल यायला हवेत. त्यातला १ मेगाबेकरेल शेपटीत अडकला तर प्रत्यक्षात २०० च येतात, आणि त्या उंदराचे सगळे आकडे २० टक्क्यांनी खाली जातात. औषधाचा परिणामही अनेकदा तेवढाच असतो. त्यामुळे शेपटी स्कॅनच्या चौकटीत घ्याच, किंवा ती वेगळी मोजा. किती टक्के अडकलं तर प्राणी वगळायचा, हा आकडा अभ्यास सुरू होण्याआधी लिहून ठेवा. निकाल पाहून ठरवलात तर परीक्षक विचारतील, आणि बरोबरच विचारतील. सिरिंजमध्ये उरलेली ॲक्टिव्हिटीही मोजून वजा करायची असते.

एका बॅचमधून किती उंदीर होतील, याचा हिशेब कागदावर मांडा. समजा सकाळी ९ वाजता एका मिलिलिटरमध्ये १०० मेगाबेकरेल आहेत. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटांचा. ९ वाजता ५ मेगाबेकरेलला ०.०५ मिलिलिटर पुरतं, १०.५० ला ०.१ आणि १२.४० ला ०.२ मिलिलिटर लागतं. लहान उंदराला शिरेतून एका वेळी यापेक्षा जास्त द्रव द्यायला नको. म्हणजे दुपारी पाऊणच्या आसपास ती बाटली तुमच्यासाठी संपली. रिसेप्टरवर चिकटणाऱ्या ट्रेसरमध्ये आणखी एक मेख आहे. किरणोत्सार घटतो, पण रसायनाचं वस्तुमान तेवढंच राहतं. शेवटच्या उंदराला तेवढ्याच ॲक्टिव्हिटीसोबत चौपट रसायन मिळतं, आणि लहानशा शरीरातले रिसेप्टर त्यानेच भरून जाऊ शकतात. औषधाचा गट सकाळी आणि नियंत्रण गट दुपारी असा क्रम लावलात, तर तुम्ही घड्याळ मोजलंत. गट आलटून-पालटून घ्या.

घड्याळावरून आठवलं. डोस मोजणारं यंत्र, स्कॅनरचा संगणक आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्या वेळा जुळतात का, हे रोज सकाळी बघा. फ्लोरिन-१८ मध्ये एका मिनिटाची चूक ०.६ टक्क्यांची असते, चालून जाते. कार्बन-११ चा अर्धायुकाल २०.४ मिनिटांचा. तिथे एका मिनिटाला ३.४ टक्के जातात, आणि घड्याळं दहा मिनिटांनी पुढेमागे असतील तर तीस टक्क्यांच्या जवळपास. हे दुरुस्त करायला काहीच खर्च येत नाही, आणि तरीही सगळ्यात जास्त हेच सुटतं.

पायरी ५: माणसांचे स्कॅन

इथे यंत्राची माहिती केंद्राकडे पक्की असते, नियमावलीही. तुमच्याकडून अपेक्षा असते ती शिस्तीची. एमआरआयचं चुंबक कायम चालू असतं, सुट्टीच्या दिवशीही. तुमच्या गटातला जो कुणी त्या खोलीत पाऊल टाकणार, त्याचं सुरक्षा प्रशिक्षण आधी झालं पाहिजे. सहभागींची धातूची तपासणी फोनवर एकदा आणि प्रत्यक्ष एकदा करा. जुन्या शस्त्रक्रियेतल्या क्लिपचा मॉडेल क्रमांक मिळवायला आठवडे लागू शकतात. गॅडोलिनियम द्यायचं असेल तर मूत्रपिंडाचं कार्य तपासा. २००६ साली नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिसशी (त्वचा आणि अवयव घट्ट होत जाण्याचा आजार) त्याचा संबंध उघड झाल्यापासून हा प्रश्न कुणी वाऱ्यावर सोडत नाही.

एफडीजीसाठी किमान ४ ते ६ तास उपवास, रक्तातली साखर तपासून नोंद, आणि इंजेक्शननंतर साधारण ६० मिनिटांनी स्कॅन. दुसऱ्या भेटीत हा अवकाश पहिल्या भेटीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा. ट्यूमरमध्ये एफडीजी तासानंतरही साचत राहतं, त्यामुळे ५५ मिनिटांचा स्कॅन आणि ८५ मिनिटांचा स्कॅन यांची तुलनाच होत नाही.

निकष आधीच ठरवा. ट्यूमरच्या मापासाठी २००९ ची रेसिस्ट १.१ आवृत्ती वापरली तर एकूण जास्तीत जास्त पाच आणि एका अवयवातले दोन लक्ष्य-ट्यूमर घ्यायचे. त्यांच्या व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर आंशिक प्रतिसाद. सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के आणि निदान ५ मिलिमीटर वाढली तर आजार वाढला. त्याच वर्षी आलेल्या पर्सिस्टमध्ये पेटसाठीही ३० टक्क्यांची रेषा आहे. १० टक्के फरक पाहून आनंदी होणाऱ्यांनी तेवढा फरक काहीही उपचार न करता दोनदा केलेल्या स्कॅनमध्येही दिसतो का, हे आधी तपासावं.

वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला रुग्णाचा गट कळता कामा नये. शक्य तिथे दोघांनी स्वतंत्र वाचावं आणि मतभेद झाला तर तिसऱ्याने निकाल द्यावा. औषध-मान्यतेसाठीच्या चाचणीत हे सगळं इमेजिंग चार्टर नावाच्या दस्तऐवजात पहिल्या रुग्णाआधी लिहिलेलं असावं लागतं. तुमचा अभ्यास छोटा असला तरी दोन पानांचा चार्टर लिहा.

पायरी ६: फँटम आणि अपग्रेड

केंद्राकडे गुणवत्ता तपासणीच्या नोंदी मागा. न संकोचता मागा, चांगलं केंद्र खुशीने दाखवतं. लहान प्राण्यांच्या पेटसाठी नेमा एनयू ४ या २००८ च्या मानकात एक फँटम (मापं आधीच ठाऊक असलेली चाचणीची वस्तू) ठरवून दिलेला आहे. त्यात १ ते ५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या असतात. लहान नळीतला सिग्नल किती टक्के परत मिळतो, हे पाहिलं की पहिल्या पायरीतला आंशिक आकारमानाचा मुद्दा आकड्यांत समोर येतो.

लांबच्या अभ्यासात खरा धोका अपग्रेडचा. कंपनीचा अभियंता एके दिवशी येतो, नवं सॉफ्टवेअर टाकतो, प्रतिमा आधीपेक्षा सुंदर दिसतात आणि तुमचा तिसरा टप्पा पहिल्या दोनांशी जुळेनासा होतो. अपग्रेडची तारीख आधी कळवण्याची अट लेखी घ्या. टाळता येत नसेल तर आधी आणि नंतर तोच फँटम स्कॅन करा. अनेक केंद्रांवरच्या अभ्यासात हेच काम केंद्राकेंद्रांमध्ये करावं लागतं. २००४ साली सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमर अभ्यासाने एमआरआयसाठी स्वतःचा फँटम तयार केला होता तो याचसाठी.

पायरी ७: डेटा

स्कॅनच्या दिवशी काय हातात मिळणार, हे आधी विचारा. तयार प्रतिमा पुरेशा नाहीत. पेटचा लिस्ट-मोड डेटा (पकडलेल्या प्रत्येक सिग्नलची सुटी नोंद) आणि एमआरआयचा कच्चा डेटा फार जागा खातो, म्हणून केंद्र तो ठरावीक काळानंतर पुसतं. परीक्षकाने वर्षभराने "वेगळ्या पद्धतीने पुनर्रचना करून दाखवा" म्हटलं तर त्याची गरज पडते. मुदत किती, हे लेखी घ्या आणि तुमची प्रत त्याआधी काढा.

माणसांच्या फाइलींतून ओळख काढणं हे नाव पुसण्याइतकं सोपं नाही. डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचा प्रमाण साचा) फाइलच्या शीर्षात जन्मतारीख, रुग्णालय, अभ्यासाची तारीख आणि कंपन्यांनी आपापल्या सोयीने ठेवलेले खासगी टॅग असतात. अल्ट्रासाउंडमध्ये नाव थेट चित्रावरच छापलेलं असतं, ते शीर्ष साफ करून जात नाही. आणि डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा उभा करता येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून बनवलेले चेहरे त्यांच्या छायाचित्रांशी ताडले, तेव्हा सॉफ्टवेअरने ७० जणांना अचूक ओळखलं. मेंदूचा डेटा बाहेर देण्याआधी चेहऱ्याचा भाग काढून टाका, आणि त्यात मेंदूचा तुकडा तर गेला नाही ना, हे डोळ्यांनी बघा.

मेंदूच्या अभ्यासात फाइलींची रचना बीआयडीएस या ठरलेल्या पद्धतीने (फाइलींची नावं आणि फोल्डर यांचे नियम) ठेवली तर पुढे कुणालाही समजते, सहा महिन्यांनी तुम्हालाही. प्राण्यांच्या डेटात सर्वांत जास्त घोळ होतो तो वजनाच्या रकान्यात. ऑपरेटर घाईत कालचं वजन तसंच ठेवतो किंवा ग्रॅमच्या जागी किलो पडतात, आणि एसयूव्ही निमूटपणे चुकीचा येतो. डोस, वजन, इंजेक्शनची वेळ आणि भुलेची नोंद एका छापील तक्त्यावर हाताने भरा, दिवस संपताना फाइलशी ताडा.

पायरी ८: पेपर

केंद्रातल्या माणसांची नावं लेखकांत असावीत का? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत. आराखडा किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुद्यावर काम, अंतिम मान्यता आणि जबाबदारी. पैसे भरून घेतलेला स्कॅन म्हणजे आपोआप लेखकपद नव्हे. तसंच, पैसे भरले म्हणून तुमच्यासाठी सिक्वेन्स घडवणाऱ्या फिजिसिस्टचं नाव गाळताही येत नाही. हे पहिल्या बैठकीतच बोलून घ्या, निकाल आल्यावर सगळ्यांचीच स्मृती सोयीची होते. लेखकपद नसेल तर आभारात केंद्राचं नाव आणि असल्यास त्याचा आरआरआयडी (संशोधन-साधनांना दिला जाणारा ओळख) क्रमांक द्या. केंद्राचं पुढचं अनुदान अशा उल्लेखांच्या मोजणीवर अवलंबून असतं, आणि त्याच अनुदानातून तुमचा पुढचा स्कॅनर येतो.

प्राण्यांचा अभ्यास असेल तर २०२० च्या अराइव्ह २.० या (प्राण्यांवरच्या संशोधनाचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या) यादीशी पद्धतीचा भाग ताडून बघा. भूल, तापमान, उपवास, प्राणी वगळण्याचे निकष आणि गट कळू न देण्याची व्यवस्था, हे सगळं लिहिलेलं हवं. मसुदा पाठवण्याआधी पद्धतीचा परिच्छेद केंद्राच्या ऑपरेटरला वाचायला द्या. व्हॉक्सेलचा आकार, पुनर्रचनेची पद्धत, कॉइलचं नाव यांतल्या चुका त्याला वरवर वाचतानाही दिसतात.